मधली पायरी : चालणाऱ्या प्रोग्रॅमपासून भरवशाच्या प्रोग्रॅमपर्यंत

व्यापारी घराण्यांत मुलाला गादीवर बसविण्यापूर्वी पेढीचे काम क्रमाक्रमाने शिकविण्याची रीत होती. बेरीज-वजाबाकी आणि व्याजाचे गणित त्याला शाळेतच आलेले असे. तरीही रोजकीर्द लिहिण्याचे काम त्याच्या हाती लगेच सोपविले जात नसे. आधी माल मोजणे, मग मुनिमांबरोबर वसुलीला जाणे, पुढे कीर्दीवरून खतावणी उतरविणे आणि बऱ्याच काळानंतर स्वतःच्या हाताने कीर्द लिहिणे, असा तो क्रम असे. गणित येणे आणि वही सांभाळता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शहाणपण त्या रीतीत सामावलेले होते.

आज याच घराण्यांतील अनेक मुले-मुली संगणकाच्या प्रोग्रॅमिंगकडे वळत आहेत. अभियांत्रिकीची पदवी, काही महिन्यांचा एखादा वर्ग, पायथन किंवा जावा भाषेचे प्रमाणपत्र इतकी शिदोरी घेऊन ती नोकरीच्या दारात उभी राहतात आणि पहिल्या एक-दोन मुलाखतींतच त्यांच्या ध्यानात येते की, भाषा आली, पण काम आले नाही. पालकांना हा प्रकार कोड्यासारखा वाटतो. शुल्क भरले, प्रमाणपत्र मिळाले, मुलीने केलेला प्रोग्रॅम पडद्यावर चालताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग उणे काय राहिले?

उणे राहते ती मधली पायरी. चालणारा प्रोग्रॅम लिहिणे ही पहिली पायरी. दुसऱ्याने आपला व्यवहार निश्चिंतपणे सोपवावा, असा प्रोग्रॅम लिहिणे ही व्यवसायाची पायरी. या दोहोंच्या मध्ये जे कौशल्य लागते ते फारसे कोणी नीट शिकवीत नाही. व्यापारी कुटुंबांना मात्र ते समजून घेणे तुलनेने सोपे जावे, कारण त्याचे बहुतेक टप्पे पेढीच्या शिस्तीत त्यांनी पूर्वीच पाहिलेले आहेत.

नागपूरची वाट

संगणकाशी नागपूरचे नाते आजचे नाही. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांनी १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली. पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा भारतीय महासंगणक १९९१ मध्ये साकार झाला. १९६० साली स्थापन झालेले ते महाविद्यालय आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाते. १९८४ साली रामदेवबाबा आणि यशवंतराव चव्हाण ही अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. २०१६ मध्ये भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था नागपुरात आली आणि बुटीबोरीजवळ वारंगा येथे तिचा परिसर उभा राहिला.

नोकरीचे चित्रही पालटले आहे. एक पिढीपूर्वी या क्षेत्रात जायचे म्हणजे पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठणे भाग होते. आता परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट कंपनीची 'गार्गी-मैत्रेयी' ही वास्तू आहे. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची कार्यालये आहेत. इतवारीतील किंवा वर्धमाननगरातील मुलीला घर न सोडताही या व्यवसायात पाऊल टाकता येते. दार जवळ आले. परंतु दाराशी विचारले जाणारे प्रश्न पुण्यात असतात तेच येथेही असतात.

पेढीतून निघालेले सॉफ्टवेअर

व्यापार आणि प्रोग्रॅमिंग ही दोन वेगळी जगे आहेत, असा समज असेल तर दोन उदाहरणे पाहावीत. पहिले उदाहरण बहुतेक दुकानांत रोज वापरात असलेल्या टॅलीचे. श्यामसुंदर गोयंका यांचा कापड गिरण्या व इतर कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. आपल्या हिशोबाला साजेसे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचे पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते तयार करण्यास सांगितले. १९८६ साली या पितापुत्रांनी कंपनी स्थापन केली आणि त्यातून टॅली उभे राहिले. २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरे उदाहरण मुंबईचे. ऋषभ मेहता यांनी आपल्या घरच्या फर्निचरच्या व्यवसायात मोठ्या कंपन्यांकडे असते तशी व्यवस्थापन-प्रणाली बसविण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्या अनुभवातून त्यांनी स्वतःच एक प्रणाली लिहिण्यास घेतली. 'ईआरपीनेक्स्ट' या नावाने ती आज ओळखली जाते. तिचे वैशिष्ट्य असे की, तिचा संपूर्ण कोड मुक्त परवान्याखाली खुला आहे. तो कोणीही वाचू शकतो, वापरू शकतो, सुधारू शकतो.

दोन्ही ठिकाणी प्रारंभ झाला तो दुकानातील अडचणीपासून. भाषा शिकून काय करावे, असा प्रश्न त्या तरुणांपुढे नव्हता. सोडवायचा प्रश्न आधी समोर होता. मधली पायरी चढताना याचा फार उपयोग होतो.

एका बिलाची कथा

गांधीबागेतील तयार कपड्यांच्या एखाद्या दुकानाची कल्पना करावी. मालकांच्या मुलाने पायथन शिकून बिलाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी, त्याहून अधिक असेल तर १२ टक्के, अशी अट त्याने लिहिली. प्रोग्रॅम उत्तम चालला. मग २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. तयार कपड्यांच्या नगावर २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के, असा नवा नियम आला.

नवशिक्या लेखकाने जुनी अट बिलात लिहिलेली असते, तशीच ती मालपरतीच्या भागात, महिन्याच्या गोषवाऱ्यात आणि कोटेशनमध्येही लिहिलेली असते. तो तीन ठिकाणी दुरुस्ती करतो, चौथे ठिकाण विसरतो. त्याहून मोठी चूक पुढे दिसते. ऑगस्टमध्ये विकलेला सदरा ग्राहकाने ऑक्टोबरमध्ये परत आणला, तर त्याच्यावरील कर मूळ बिलाच्या दरानेच उलटवावा लागतो. नव्या प्रोग्रॅमला मात्र जुना दर ठाऊकच नसतो, कारण तो पुसून त्याच जागी नवा लिहिलेला असतो.

मधली पायरी चढलेली व्यक्ती हेच काम निराळ्या रीतीने करते. दर ती कोडमध्ये लिहीत नाही. त्यांचे एक कोष्टक करते आणि त्यात मालाचा प्रकार, किमतीची मर्यादा, दर, कोणत्या तारखेपासून व कोणत्या तारखेपर्यंत, असे रकाने ठेवते. कराची आकारणी एकाच ठिकाणी होते. बिल, मालपरत, गोषवारा हे सारे तेथूनच उत्तर घेतात. सरकारने दर बदलला की कोष्टकात एक ओळ वाढते आणि जुनी ओळ जागेवरच राहते. दोन्ही प्रोग्रॅम २१ सप्टेंबरला सारखेच चालत होते. दुसऱ्या दिवशी त्यांतील भेद उघड झाला.

एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, प्रत्येक भागाकडे एकच जबाबदारी असावी आणि उद्या काय बदलू शकेल याचा विचार आज करावा, ही व्यावसायिक रचनेची मूलतत्त्वे आहेत. ती पाठ करून येत नाहीत. एखादा प्रोग्रॅम वर्षभर सांभाळला आणि बदल पचवताना तो कोठे मोडतो हे पाहिले, म्हणजे ती अंगी मुरतात.

शोध आणि साठवण

खतावणीच्या प्रारंभी खात्यांची अनुक्रमणिका असते. ती नसती तर एका नावासाठी सारी वही चाळावी लागली असती. संगणकातही माहिती कशी रचून ठेवली यावर तिचा शोध किती लवकर लागेल हे अवलंबून असते. २०,००० मालांची यादी एकामागून एक तपासत गेल्यास वाईट प्रसंगी २०,००० तुलना कराव्या लागतात. तीच यादी क्रमाने लावलेली असेल आणि प्रत्येक वेळी उरलेल्या यादीच्या मध्यावर पाहून निम्मा भाग सोडून दिला, तर जास्तीत जास्त १५ तुलना पुरतात. यादी, कोश, रांग, वृक्ष अशा रचनांपैकी कोणत्या कामाला कोणती निवडावी याचा विवेक हा मधल्या पायरीचा गाभा आहे, आणि मुलाखतींत त्याचीच परीक्षा बहुधा घेतली जाते.

डेटाबेसचे ज्ञानही येथेच लागते. दुकानात दोन काउंटर आहेत आणि एका साडीचा शेवटचा नग शिल्लक आहे. दोन्ही काउंटरवर एकाच क्षणी तिचे बिल सुरू झाले, तर तीच साडी दोघांना विकली जाईल काय? माल वजा झाला आणि उधारी मांडण्यापूर्वी वीज गेली, तर अर्धा व्यवहार वहीत राहील काय? जमा आणि नावे या दोन्ही नोंदी एकत्रच व्हाव्यात, नाही तर एकही होऊ नये, हा दुहेरी नोंदीचा जुना दंडक आहे. चांगले डेटाबेस 'ट्रान्झॅक्शन' या सोयीने तोच दंडक पाळतात. परंतु ही सोय कोठे वापरायची हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कळावे लागते. एकट्याने, एकाच संगणकावर सराव करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रसंग कधी उभाच राहत नाही.

पै-पैचा हिशोब

पैशांच्या बाबतीत एक सापळा प्रत्येक शिकाऊ प्रोग्रॅमरची वाट पाहत असतो. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहावी. उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ असे येते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधीच पुरता लिहून होत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश पुरता लिहिता येत नाही. तो जवळपासच्या संख्येने साठविला जातो. एका बिलात हा फरक दिसत नाही. हजारो नोंदींनंतर मात्र ताळेबंदात पैशांचा फरक उभा राहू शकतो. म्हणून जाणकार मंडळी रक्कम पूर्णांक पैशांत साठवितात किंवा दशमान गणितासाठी असलेला खास प्रकार वापरतात, आणि पूर्णांकन कोठे व कसे करायचे याचा नियम आधी ठरवून घेतात.

हे बारकावे किती महाग पडू शकतात याचे उदाहरण शेअर बाजाराच्या इतिहासात आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० या अंकावर आपला नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने मांडला जाई आणि तीन दशांश स्थळांपुढील भाग जवळच्या अंकाला न नेता सरळ कापून टाकला जाई. दिवसाला सुमारे तीन हजार वेळा हे घडे. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवीत होता. नीट गणना केल्यावर खरा अंक १,०९८.८९२ निघाला. जवळजवळ २२ महिने बाजार निम्म्यावर घसरल्याचे चित्र दिसत राहिले, आणि त्याचे मूळ एका छोट्या सूत्रात होते.

तेरीज जुळली तरी

मुनिमांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते : तेरीज जुळली नाही तर चूक नक्की आहे, पण तेरीज जुळली म्हणून वही बरोबर आहे असे म्हणता येत नाही. रक्कम एका गिऱ्हाइकाऐवजी दुसऱ्याच्या खात्यावर पडली किंवा एखादा व्यवहार संपूर्ण लिहायचाच राहिला, तरी तेरीज जुळते. प्रोग्रॅमच्या चाचण्यांचेही तसेच आहे. व्यावसायिक कामात प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी लहान लहान चाचण्या लिहून ठेवतात आणि कोड बदलला की त्या आपोआप चालवितात. आपल्या बिलाच्या प्रोग्रॅमसाठी पुढील प्रश्न विचारता येतील. किंमत नेमकी २,५०० असेल तर कोणता दर लागतो? २,५०१ असेल तर? बिलाची तारीख २१ सप्टेंबर असेल तर? नगसंख्या शून्य टाकली तर? चाचण्या उत्तीर्ण झाल्या म्हणजे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आली. न विचारलेले प्रश्न शिल्लकच राहतात. म्हणून सीमेवरचे, विचित्र वाटणारे प्रश्न सुचणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि दुकानात बसलेल्या माणसाला ते अधिक चांगले सुचतात.

चूक शोधण्याची रीतही मुनिमांकडून शिकण्यासारखी आहे. तेरिजेतील फरकाला ९ ने भाग गेला तर ते प्रथम अंकांची अदलाबदल झाली आहे का हे पाहत, म्हणजे ५४ च्या जागी ४५. फरकाला २ ने भाग गेला तर निम्म्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला पडली आहे का हे शोधीत. सारी वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहीत बसत नसत. शिकाऊ प्रोग्रॅमर मात्र दोष दिसताच इकडे तिकडे बदल करून पाहतो, आणि प्रोग्रॅम चालू लागला की का चालला हे न विचारता पुढे जातो. जाणकार आधी दोष हमखास पुन्हा घडवून पाहतो, मग कारणाचा अंदाज बांधतो, तो अंदाज खरा की खोटा हे ठरविणारी एकच तपासणी करतो आणि संशयाचा भाग दर वेळी निम्मा करीत जातो.

या शिस्तीचा अभाव माणसांच्या आयुष्यावर कसा उठतो, हे ब्रिटनमधील टपाल खात्याच्या प्रकरणाने दाखविले. तेथे खेड्यापाड्यांतील टपालाची कामे छोटे दुकानदार चालवितात. १९९९ पासून त्यांच्या हिशोबासाठी 'होरायझन' ही संगणकप्रणाली बसविण्यात आली. तिच्यात दोष होते. रोख आणि हिशोब जुळेनासे झाले, तुटीचे दायित्व दुकानदारांवर आले आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशोब यांसारख्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरविण्यात आले. त्यांत भारतीय वंशाचे दुकानदारही होते. कित्येकांनी पदरचे पैसे भरले, काही तुरुंगात गेले, काहींचे दिवाळे निघाले. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा रद्द केल्या. ज्या घरांत वहीची अब्रू हीच घराण्याची अब्रू मानली जाते, त्यांना या प्रकरणाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागणार नाही. हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिणारा दुसऱ्याची पत आपल्या हाती घेत असतो.

न खोडली जाणारी कीर्द

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट उघड झाली. दूर बसलेले कर्मचारी दुकानदाराच्या नकळत त्याच्या खात्यात बदल करू शकत होते. आपल्याकडे कीर्दीतील चूक खाडाखोड करून झाकत नाहीत. उलट नोंद घालून दुरुस्त करतात, म्हणजे मूळ चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतात. भारतातील कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून हाच दंडक नियमाने आला आहे : हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये.

प्रोग्रॅमर आपल्या कोडसाठी हीच व्यवस्था ठेवतात. तिचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे 'गिट'. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते तयार केले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद गिट ठेवते. प्रत्येक नोंदीची ओळखसंख्या तिच्यातील मजकूर आणि आधीची नोंद यांवरून ठरते, त्यामुळे जुन्या पानात गुपचूप बदल केल्यास तो उघडकीस येतो. प्रत्येक नोंदीबरोबर चार शब्दांचा तपशील लिहावा लागतो. 'बदल केले' असा तपशील 'किरकोळ खर्च' या नोंदीइतकाच निरुपयोगी असतो. 'मालपरतीवर मूळ बिलाचा दर लावला' असा तपशील सहा महिन्यांनी उपयोगी पडतो. एखादा दोष गेल्या १,००० बदलांपैकी कोणत्या बदलाने शिरला हे निम्मे-निम्मे करीत शोधल्यास सुमारे १० तपासण्यांत सापडते, आणि गिटमध्ये त्यासाठी तयार सोय आहे.

महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात या साधनांना फारसे स्थान नसते. ही उणीव केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील प्रसिद्ध एमआयटी संस्थेतही 'मिसिंग सेमिस्टर', म्हणजे हरवलेले सत्र, या नावाने एक छोटा वर्ग सुरू करावा लागला. त्याची व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत.

दुसऱ्याची वही वाचणे

नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणास क्वचितच कोरे पान मिळते. त्याला मिळतो तो इतरांनी अनेक वर्षे लिहिलेला कोड. तो वाचणे, त्याचा हेतू ओळखणे आणि त्याला धक्का न लावता आवश्यक तेवढाच बदल करणे, हेच त्याचे पहिल्या वर्षाचे काम असते. पेढीवरील उमेदवार जुन्या वह्या चाळूनच शिकत असे. येथे खुल्या कोडचे मोल कळते. ईआरपीनेक्स्टचा कोड पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे; भारतीय जीएसटीसाठी त्याला जोडले जाणारे 'इंडिया कंप्लायन्स' हे ॲपही खुले आहे. आपल्या दुकानात रोज घडणारा व्यवहार जाणकारांनी कोडमध्ये कसा मांडला, हे व्यापाऱ्याच्या घरातील विद्यार्थ्याला घरबसल्या पाहता येते.

याच्या जोडीला येते परीक्षण. चांगल्या संस्थेत कोणाचाही कोड दुसऱ्या सहकाऱ्याने वाचल्याशिवाय स्वीकारला जात नाही. आपल्या लेखनातील उणिवा चारचौघांत ऐकून घेणे प्रारंभी जड जाते. जो रागावत नाही आणि कारण विचारतो, तो वेगाने पुढे जातो. दुसऱ्याच्या कोडवर मत देताना माणसाला न दुखावता दोष दाखविणे, ही त्याच शिस्तीची दुसरी बाजू आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता मागेल तसा कोड लिहून देते. मग इतके शिकावे कशाला, असाही प्रश्न घरोघरी विचारला जातो. हे साधन उपयोगी आहे. मात्र परतलेल्या सदऱ्यावर कोणता दर लागतो, शेवटची साडी दोनदा विकली जाईल काय, पैसे दशांशात साठविले की पूर्णांकात, हे तपासून पाहणारा माणूस तेथे लागतोच. लिहिण्याचे श्रम जितके कमी होतील, तितके वाचण्याचे आणि पारखण्याचे कौशल्य महत्त्वाचे ठरेल. हे कौशल्य मधल्या पायरीवरच मिळते.

एका वर्षाची आखणी

ही पायरी चढण्यासाठी महागड्या वर्गाची गरज नाही. वर्षभराच्या नियमित सरावाची आहे. पहिल्या तीन महिन्यांत एकच भाषा पक्की करावी आणि तिच्या जोडीला माहितीच्या रचना व शोधपद्धती शिकाव्यात. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटेल उपक्रमात पायथनमधून प्रोग्रॅमिंग, माहितीच्या रचना आणि कार्यरीती शिकविणारा प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतो. भाषा वारंवार बदलू नये. पायथनवरून जावा, जावावरून आणखी काही, असे फिरणारे अनेकजण पहिल्याच पायरीवर फेऱ्या मारीत राहतात.

पुढील तीन महिने डेटाबेस आणि गिट यांना द्यावेत. त्यानंतर घरच्या दुकानाची एकच लहान अडचण निवडावी : उधारीची स्मरणपत्रे, कमी पडलेल्या मालाची यादी, वाहतूकदारांच्या पावत्यांचा मेळ. त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा, त्याच्या चाचण्या लिहाव्यात आणि तो दुकानातील दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावा. स्वतः न वापरता दुसऱ्याने वापरावा, यालाच महत्त्व आहे. काका चुकीचे बटण दाबतील, मुनीम नावापुढे जास्तीची मोकळी जागा टाकतील, एखादे गिऱ्हाईक दोन नावांनी नोंदले जाईल. हे सारे प्रोग्रॅमने सहन केले पाहिजे. शेवटच्या काही महिन्यांत एखाद्या खुल्या प्रकल्पाचा कोड वाचून त्यातील छोटासा दोष दुरुस्त करण्याचा प्रयत्न करावा. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा असे एक काम आणि त्यात आलेल्या अडचणींची प्रांजळ हकिकत अधिक बोलकी ठरते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. मुलाचा प्रोग्रॅम हिशोबाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बसवू नये. काही महिने तो त्याच्या जोडीने चालवावा आणि दोन्हींचा मेळ रोज घालावा. कराचे विवरण सनदी लेखापालाला दाखविल्याशिवाय त्याच्यावरून भरू नये. ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि उधारी सरावासाठी इंटरनेटवर ठेवू नये. त्यासाठी बनावट नोंदी वापराव्यात. गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अनामत आहे.

पालकांनी द्यावयाची गोष्ट मुख्यतः वेळ आहे. प्रोग्रॅम पडद्यावर चालला की काम संपले, असे त्यांनीही समजू नये. जेवताना 'किती शिकलास' असे विचारण्यापेक्षा 'आज कोणता फरक सापडला आणि कसा' असे विचारावे. मुलगी शिकत असेल तर दुकानातील प्रश्न तिच्यापुढेही तितक्याच मोकळेपणाने मांडावेत. खतावणीचे मर्म तिला कळले, तर प्रणालीचे मर्म कळण्यास तिला वेळ लागणार नाही. आणि ज्यांनी आयुष्यभर वह्या सांभाळल्या त्या वयोवृद्धांना नव्या पिढीने अवश्य विचारावे की, न जुळणारी तेरीज ते कशी जुळवीत असत. संगणक त्यांच्या हाती कधी आला नसेल. तरी फरक कोठे शोधावा, कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवू नये आणि दुसऱ्याच्या पैशाची वही कशी राखावी, याचे शिक्षण त्यांच्याकडून मिळेल.